दृश्यता : फक्त परवानगीने

ज्ञान सर्वांसाठी खुलं असावं, हे मानवजातीने फार पूर्वीच ठरवून टाकलं आहे. फक्त ते खुलं आहे की नाही हे ठरवणारा एक चौकोन पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात असतो आणि त्यावर टिचकी मारायला एक पगारी माणूस लागतो.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत हा माणूस भाषांतरकार होता. मेकॅनिक लोकांसाठी कंपनीने संगणकावर माहितीचा विकी केला होता : चारशे बारा पानं, सगळी हेड ऑफिसच्या भाषेत. ती हा आपल्या भाषेत आणायचा. मूळ पान बदललं की जुनं भाषांतर झाकायचं, नाहीतर मेकॅनिक भलताच स्क्रू आवळायचा. म्हणून प्रत्येक भाषांतराची दृश्यता वेगळी ठेवलेली. तीन पर्याय होते : सर्वांना, फक्त परवानगीने, फक्त मला. चौकोनाचा कारभार भाषांतर विभागाकडे होता. विभागात दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर बसणारे गृहस्थ चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हापासून तिच्यावर याची छत्री बसायची.

नऊ वर्षांत एकाही पानावर कोणाची एक ओळ आली नव्हती. कौतुक सोडाच, चूकही कोणी काढली नव्हती. पान कोणी उघडलं की नाही, हे विकी सांगत नसे.

रविवारी ताईचा फोन यायचा. ताई शिवणकाम करते.

"जेवलास का?"

"जेवलो."

"एकटाच?"

"नाही, बँडबाजा बोलावला होता."

"टोमणे मारू नकोस. तुझं ते लिहिलेलं कोणी वाचतं का रे?"

"वाचत असतील."

"असतील म्हणजे? माझं गिऱ्हाईक निदान ब्लाउज घालून बघतं. परत येऊन म्हणतं, काखेत दाटतंय. तुला कोणी म्हणतं का, काखेत दाटतंय?"

हे वाक्य त्याच्या डोक्यातून दोन दिवस गेलं नाही. मंगळवारी त्याने 'वंगण कधी घालावे' या पानाची दृश्यता 'फक्त परवानगीने' केली. हिशोब साधा होता. बंद पानावर एक राखाडी पट्टी दिसते आणि तिच्यावर 'परवानगी मागा' असं बटण आणि विभागाचा फोन नंबर असतो. कोणी ते दाबलं की भाषांतरकाराला निरोप येतो, मागणाऱ्याच्या नावानिशी. म्हणजे ज्याला वाचायचंय त्याला दार ठोठावावंच लागणार. दार उघडं असताना कोणी येतं का ते कळत नाही, हा उघड्या दाराचा मोठाच दोष.

आठवडाभर कोणी ठोठावलं नाही. वंगणाशिवाय लोकांचं चाललेलं दिसत होतं. मग त्याने दोरांची अकरा पानं बंद केली, मग ब्रेकची. निरोपांच्या डब्यात त्याच्या स्वतःच्याच कुलपांच्या पावत्या जमत गेल्या.

शेवटी त्याने आपलं सर्वांत चांगलं पान बंद केलं : 'लिफ्टमध्ये माणूस अडकल्यास'. या पानावर त्याने तीन आठवडे घालवले होते. आतल्या माणसाला काय सांगावं, ते वाक्य मूळ भाषेत कोरडं होतं, 'मदत मार्गावर आहे'. याने लिहिलं होतं, 'घाबरू नका, आम्ही इथेच आहोत.' वाक्य लिहिल्यावर त्याने ते रिकाम्या खोलीत दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं होतं.

गुरुवारी पावणेबाराला निरोप आला. मागणारा : मेकॅनिक. कारण : 'लिफ्ट'.

त्याने तो तीनदा वाचला. नुसती परवानगी देऊन टाकणं कोरडं दिसलं असतं, म्हणून तो उत्तर लिहायला बसला. 'आपल्या जिज्ञासेबद्दल' इथपर्यंत आला, तोच टेबलावरचा फोन वाजला.

"भाषांतर विभाग का? अहो, पानाला कुलूप कोणी घातलंय?"

"मी. म्हणजे विभागाने."

"काढा की मग! इथे आजीबाई अडकल्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये."

"काढतो, काढतो. कोणता भाग हवाय? तिसरा परिच्छेद जरा—"

"साहेब, परिच्छेद राहू द्या हो."

त्याने टिचकी मारली. "दिसलं?"

"दिसलं."

इथे फोन ठेवायचा असतो.

"भाषा कशी वाटते?"

"कसली भाषा?"

मागून, पत्र्याच्या आतून आल्यासारखा, एक खणखणीत आवाज आला. "तुमच्या गप्पा झाल्या की सांगा हो! मी आहे इथेच, कुठे जात नाही!"

फोन कट झाला.

भाषांतरकार उठला, खिडकीपाशी गेला, परत आला, दुसऱ्या खुर्चीवरची छत्री खाली ठेवली, पुन्हा वर ठेवली. पाऊण तासाने त्याने आपणहून फोन लावला.

"आजी निघाल्या का?"

"केव्हाच. चावीने दार उघडलं, हात दिला, आल्या बाहेर. जाम चिडलेल्या."

"त्यांना आत असताना काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? म्हटलं, बसा खाली, येतो."

"पण पानाचा उपयोग झाला."

"झाला ना! पान नसतं तर पंचाईतच होती."

भाषांतरकार खुर्चीत सरळ बसला. "नक्की कोणत्या भागाचा?"

"अगदी तळाचा. माणूस अडकला की हेड ऑफिसला कळवावं लागतं, नाहीतर ओरडा बसतो. तो नंबर तिथे असतो. मला मेला पाठच होत नाही."

"आणि वरचं?"

"वर काय असतं?"

त्याने पान उघडून तळापर्यंत नेलं. नंबर तिथे होता, दहा आकडी. तो मूळ पानावरून आपोआप येतो. त्याचं भाषांतर करावं लागत नाही.