हंबरणाऱ्या गाईपाशी

डॉक्टर होते गुरांचे, पण लोक त्यांना गमतीनं 'धाकटे पाळक' म्हणत. चर्चमध्ये मोठे पाळक व्यासपीठावरून उपदेश करायचे. त्याआधी दहा मिनिटं मुलांना पुढच्या बाकांवर बसवून गोष्ट सांगायचं काम डॉक्टरांकडे असे, आणि ते काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. आठवडाभर ज्या जनावरांच्या तोंडात, पोटात, खुरात हात घातला, त्यांच्यातलंच एखादं रविवारी गोष्टीत यायचं. काटा काढू न देणारा, उलट चावणारा कुत्रा आला की मुलांना कळायचं, आपणही देवाचा हात असाच चावतो. पिल्लांवर पंख पसरून गारांचा मार खाणारी कोंबडी आली की मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यासुद्धा डोळे पुसायच्या.

त्यांची बायको तिसऱ्या बाकावर, कडेला बसे. ती प्राथमिक शाळेत शिकवत होती, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. घरी आल्यावर ती चहा ठेवता ठेवता म्हणायची, "अहो, तुमच्या त्या शेळीला काही पश्चात्ताप वगैरे झाला नव्हता. टेबलक्लॉथ खाऊन पोट फुगलं होतं तिचं." डॉक्टर हसायचे. मग ती म्हणायची, गोष्ट मात्र चांगली झाली. तिनं चांगली म्हटलं की त्यांचा आठवडा चांगला जायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघांचं आयुष्य असं एकमेकांच्या बोलण्यावर चाललं होतं.

मग बाई विसरायला लागली. आधी दुधात मीठ पडलं, त्याचं हसू झालं. मग गीतांचं पुस्तक पिठाच्या डब्यात सापडलं. मग एका दुपारी शाळेतून घरी यायचा रस्ता तिला सापडेना, तेव्हा हसणं थांबलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे फोटो दाखवून समजावून सांगितलं की हे वाढत जाणार, मागे येणार नाही. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी स्वतः कितीतरी जणांना त्यांच्या बैलाबद्दल, घोड्याबद्दल हेच सांगितलं होतं. त्यामुळे सांगणाऱ्याला किती जड जातं हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत.

बहिणीची मुलगी जवळच राहायची. ती दिवसा मामीजवळ थांबू लागली. संध्याकाळी डॉक्टर स्वतः बाईला भरवायचे, केस विंचरून द्यायचे. वेणी त्यांना कधी नीट जमली नाही. पण दोर वळायची सवय असलेला हात होता, सैल का होईना, टिकायची.

एका सकाळी तिनं त्यांच्याकडे बघून अदबीनं पदर सावरला आणि विचारलं, "आपण कोण?"

ते म्हणाले, "मी डॉक्टर."

एवढंच तोंडातून आलं, आणि तेच पक्कं झालं. त्या दिवसापासून ती त्यांना डॉक्टरसाहेब म्हणू लागली. 'अहो' संपलं. हा कोणी भला माणूस आपल्याला तपासायला येतो आणि उशिरापर्यंत थांबतो, अशी तिची समजूत झाली. कधी कधी ती काळजीनं म्हणायची की तुम्ही आता घरी जा, तुमची माणसं वाट बघत असतील. घरी कोण कोण असतं, असंही विचारायची. डॉक्टर सांगायचे, बायको असते. कशी आहे, असं ती विचारी. फार चांगली आहे, असं ते सांगत. मग ती समाधानानं मान डोलवायची, आणि ते उठून स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत बसायचे.

तरी त्यांनी रविवार सोडला नव्हता. एका रविवारी त्यांनी मुलांना मेंढरांची गोष्ट सांगितली. दोन कळप एकाच पाणवठ्यावर मिसळले, आणि मेंढपाळानं नुसती हाक मारली तशी त्याची मेंढरं बरोबर वेगळी होऊन त्याच्या मागे गेली. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आवाज ओळखतात ती, असं ते म्हणाले. आपल्या माणसाचा आवाज कुणी विसरत नाही, हे ते म्हणाले आणि सवयीनं तिसऱ्या बाकाकडे बघितलं. नेमकी तेव्हाच बाई भाचीकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "कोण गं हे? आवाज छान आहे हो यांचा."

दोनचार मुलं हसली. मोठ्यांनी माना खाली घातल्या. डॉक्टरांनी गोष्ट कशीबशी संपवली आणि त्यानंतर पुढे उभं राहणं बंद केलं. पाळकसाहेब घरी आले, गोष्टी पुन्हा सांगा म्हणाले. डॉक्टर त्यांना म्हणाले की जनावरांकडे आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. खरं तर ते जनावरांकडे बघायचे, इलाज करायचे, हात धुवायचे आणि निघायचे. कोंबडी आता कोंबडीच होती आणि कुत्रा कुत्रा. प्रार्थनाही त्यांनी सोडली नव्हती, पण ती आता दाराशी ठेवलेल्या दुधाच्या बाटलीसारखी झाली होती. ठेवायची म्हणून ठेवायची, आतून कुणी घेतं की नाही कोण जाणे.

मागच्या गल्लीत दूधवाल्या काकूंचा गोठा होता. चारच गाई होत्या, पण काकू त्यांना लेकींसारखं वागवायच्या. त्यांच्या तांबड्या गाईचं पहिलंच वेत होतं. एके दिवशी भल्या सकाळी त्यांचा निरोप आला की गाय अडली आहे. डॉक्टर तसेच गेले. वासरू पायाळू होतं, मागचे पाय पुढे आले होते. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घातला, दोरी लावली, कळेबरोबर ओढलं. काकू गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वासरू बाहेर आलं तेव्हा गरम होतं, अंगानं भरलेलं होतं, कपाळावर पांढरा ठिपका होता. डॉक्टरांनी त्याच्या नाकातला चिकटा काढला, उलटं धरून हलवलं, छाती चोळली. श्वास आला नाही.

गाय धडपडत उठली आणि वासराला चाटू लागली. चाटून चाटून तिनं ते कोरडं केलं. नाकानं ढोसून उठवायला बघितलं. शेवटी काकूंनी डोळे पुसत ते पोत्यात घातलं आणि मागच्या बाजूला पुरायला नेलं. तेव्हा गाईनं जो हंबरडा फोडला तो चार गल्ल्यांत ऐकू गेला. डॉक्टरांनी वार पडेपर्यंत वाट बघितली, औषध दिलं, बादलीत हात धुतले आणि घरी आले. अंगातली ताकद गेली होती. ते खुर्चीत बसले आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागला.

भाचीच्या हाकेनं ते जागे झाले. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. खाली आली तर दार उघडं आणि मामी नाही.

दोघं दोन दिशांना धावली. डॉक्टर आधी शाळेत गेले, मग चर्चमध्ये, मग तळ्याकडे. तळ्याच्या पायरीवर कुणाची तरी चप्पल दिसली, ती त्यांनी वाकून उचलली. पण ती तिची नव्हती. तिथे उभ्या उभ्या ते म्हणाले, देवा, ती मला ओळखत नसली तरी चालेल, पण सापडू दे. बऱ्याच महिन्यांत त्यांनी मनापासून मागितलेलं एवढंच.

परत येताना त्यांच्या लक्षात आलं की गाय अजून हंबरते आहे. कान असलेल्या कुणालाही तो आवाज ओढून नेईल असा होता. ते गोठ्याकडे वळले.

काकू दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि आत दाखवलं. बाई पेंढ्यावर बसली होती, अनवाणी, वेणी सुटलेली. तांबडी गाय तिच्याजवळ मान खाली घालून उभी होती, आणि बाई तिच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीवरून हात फिरवत बोलत होती. शाळेत नव्या आलेल्या, रडणाऱ्या मुलाशी बोलायची, तोच तिचा आवाज होता. गेल्या कित्येक महिन्यांत डॉक्टरांनी तो ऐकला नव्हता.

"रड गं बाई," ती म्हणत होती. "मला कुणी रडू दिलं नाही. म्हणाले, दुसरं होईल. दुसरं झालंच नाही. आणि झालं असतं, तरी ते दुसरंच असतं ना? दूध आलं होतं मला. प्यायला कुणी नव्हतं."

डॉक्टरांनी दाराची चौकट धरली.

लग्नानंतर काही वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती. मेलेलीच जन्माला आली. बाई दवाखान्यात पडून होती, तेव्हा डॉक्टर आणि सासरे दोघांनी ते गाठोडं दफनभूमीच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून पुरलं. बाप्तिस्मा नाही, नाव नाही, दगड नाही. थोरामोठ्यांनी बजावलं होतं की तिच्यासमोर विषय काढू नका, खपली निघेल. डॉक्टरांनी काढला नाही. तिनंही काढला नाही. ते कधीमधी एकटेच त्या भिंतीपाशी जाऊन यायचे आणि जुन्या पुलापलीकडे घोडा बघायला गेलो होतो असं सांगायचे. एकमेकांना जपण्यात अख्खा जन्म गेला.

"मी तिचं नाव ठेवलं होतं," बाई गाईला सांगत होती. "टिटवी. ती झाली तेव्हा उजाडत होतं, आणि खिडकीबाहेर टिटवी ओरडत होती सारखी. लोक म्हणतात, टिटवी ओरडली की अशुभ. मला वाटलं, चला, निदान हिच्यासाठी कुणीतरी ओरडतंय. ह्यांना नाही सांगितलं मी. हे बाहेर बाकावर असे बसले होते, बुडालेल्या माणसासारखे. त्यांच्यावर आणखी कुठे घालू?"

गाय हंबरली. बाईनं तिच्या मानेवर गाल टेकवला.

डॉक्टर आत गेले आणि पेंढ्यावर तिच्या शेजारी बसले. तिनं त्यांच्याकडे बघितलं. ओळख नव्हती, पण माया होती.

"डॉक्टरसाहेब, हिचं बाळ गेलं."

"हो. मला नाही वाचवता आलं."

"तुम्ही केलं असेल सगळं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुम्हाला मूलबाळ?"

आजवर हा प्रश्न शेकडो लोकांनी विचारला होता, आणि ते नाही म्हणत आले होते.

"एक मुलगी," ते म्हणाले. "गेली ती. जन्मतानाच."

"अरेरे. नाव काय तिचं?"

"टिटवी."

क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पाण्याखालून मासा वर येतो येतो आणि वळतो, तसं. मग ते गेलं. तिनं गाईच्या मानेवरचा हात काढून त्यांच्या पाठीवर ठेवला.

"मग रडा की," ती म्हणाली. "इथे कुणी ओळखीचं नाही."

आणि डॉक्टर रडले. त्या म्हाताऱ्या माणसाला काकूंनी असं कधी बघितलं नव्हतं, त्या तोंड फिरवून बाहेर गेल्या. लेकीसाठी रडले, बायकोसाठी रडले. ज्या बाईपाशी हे दुःख नेऊन ठेवायचं, ती त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती आणि ते कोण हे तिला माहीत नव्हतं. थोड्या वेळानं गाय खाली बसली आणि तिनं दोघांच्या अंगाला पाठ टेकवली. भाची धापा टाकत आली, तेव्हा तिघं तशीच बसलेली होती.

पुढच्या रविवारी डॉक्टर न सांगता उठून मुलांसमोर उभे राहिले. त्यांनी गाईची गोष्ट सांगितली. वासरू कसं मेलं, गाय कशी हंबरत राहिली, आणि एक बाई अनवाणी चालत जाऊन तिच्याजवळ कशी बसली. एवढं सांगून ते थांबले. पुढच्या बाकावरच्या एका लहान मुलीनं हात वर करून विचारलं की यातून काय शिकायचं.

"मला अजून नीट कळलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण प्रभूचा मित्र मेला होता ना, लाजर, तेव्हा प्रभूला माहीत होतं की आपण याला आता उठवणार आहोत. तरी तो आधी त्याच्या बहिणींबरोबर रडला. घाई केली नाही त्यानं. मी जन्मभर घाई केली बाळ. जनावर दिसलं की लगेच त्याचा धडा करत आलो. आधी जवळ बसायचं असतं."

तिसऱ्या बाकावर बाई खिडकीबाहेर बघत होती.

थंडी सुरू झाली तशी तिनं जेवण सोडलं, मग पाणी. शेवटच्या दुपारी डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं, तेव्हा ती पुटपुटली की तुमचे हात उबदार आहेत, डॉक्टरसाहेब. त्यांनी तिचा हात सोडला नाही. संध्याकाळपर्यंत ती गेली होती.

पाळकसाहेबांच्या परवानगीनं तिला भिंतीजवळच्या कोपऱ्यात जागा मिळाली. दगड कोरणाऱ्यानं तिचं नाव लिहून घेतलं. त्याखाली 'आणि टिटवी' एवढंच कोरायचं असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याला वाटलं, बाईंनी पाळलेला पक्षी असेल. तो म्हणाला, माणसाच्या दगडावर पाखराचं नाव बरं दिसणार नाही.

"लेक आहे आमची," डॉक्टर म्हणाले.

त्यानं अक्षरं चांगली खोल कोरून दिली.

डॉक्टर अजून गोठ्या-गोठ्यांतून फिरतात. वासरू मेलेलं निघालं, की हात धुऊन लगेच निघत नाहीत. बादली बाजूला सारतात आणि गाय शांत होईपर्यंत तिच्याजवळ पेंढ्यावर बसून राहतात.