दोन वाजता मान टाकणारं यंत्र

मीटरबाईंचं यंत्र रोज दुपारी दोन वाजता मान टाकायचं. अगदी नेमाने. शेजारच्या खात्यातले लोक म्हणे त्यावर जेवणाची सुट्टी धरायचे. सांगणाऱ्याने थोडा मीठमसाला लावला असेल, पण बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

बाई घरोघरची पाण्याची मीटरं वाचत. तेवीस वर्षं आकडे वहीत उतरवले. गेल्या वर्षी वही गेली आणि हे इंटरनेटवालं यंत्र हातात आलं. मीटरचा फोटो काढायचा, आकडे भरायचे, की ते तिथून थेट ऑफिसात. कल्पना झकासच होती. फक्त रोजची मीटरं एकशे अठरा, आणि यंत्राचा दम सत्तरपर्यंतच. बॅटरी एकदा बदलूनही झाली होती. वाटेत कुठे चार्ज करावं, तर ऑफिसातल्या त्याच्या खास खाचेत बसवल्याशिवाय ते नखरेल वीज घेतच नसे.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. साहेब बाईंच्या मुलाच्या वयाचे आणि स्वभावाने बरे, त्यामुळे बोलणं त्यांनाच जड जात होतं.

"बाई, बाकीच्यांची यंत्रं पाचपर्यंत चालतात हो. तुमचंच का संपतं?"

"माझ्याकडे जुन्या इमारती आहेत, साहेब. सगळी मीटरं तळघरात."

"ते खरंय. पण रोज चाळीस-पन्नास घरं राहतात. शनिवारी एकशे अठरा पूर्ण झाली तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तुम्ही तक्रारीच्या खिडकीवर बसा. खुर्ची आहे, पंखा आहे."

खुर्ची आणि पंखा! कोणत्या जिन्याची कितवी पायरी हलते, कोणत्या दारामागचा कुत्रा नुसताच भुंकतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. कोणाकडे बाळ आलं हे त्यांना नातेवाइकांच्या आधी कळायचं, कारण मीटर पळायला लागायचं. हे सोडून खिडकीमागे बसायचं, आणि येईल त्याची तणतण ऐकायची? त्यापेक्षा घरी बसून मटार सोललेले बरे.

मंगळवारी त्यांनी बॅटरी वाचवायला स्क्रीनचा उजेड अगदी मंद केला. काही दिसेना, आणि ऑफिसात मीटरऐवजी एका बादलीचा फोटो गेला. बुधवारी यंत्राचा टॉर्च बंद ठेवून घरमालकांना दिवा धरायला लावला. एका काकांनी दिवा धरता धरता आपल्या मूत्रखड्याची साग्रसंगीत हकिकत सांगितली आणि त्यातच अर्धा तास गेला. दोन्ही दिवशी यंत्र आपलं दोनच्या सुमाराला गार.

गुरुवारी संध्याकाळी थोरल्या नणंदबाई चहाला आल्या. त्या जमिनीखालच्या गाडीतळावर पावत्या फाडायच्या. दिवसभर दोन मजले खाली, आणि फोन मात्र रात्री घरी जाईपर्यंत ठणठणीत. बाईंचा उतरलेला चेहरा त्यांनी दारातच ओळखला.

"तळघरात गेलीस की तू नक्की काय करतेस, ते मला करून दाखव बघू."

यंत्र रात्री ऑफिसातच असायचं, म्हणून बाईंनी ओट्याखालचा नळ हाच मीटर धरला आणि चहाचा डबा हेच यंत्र. वाकल्या, फोटो काढला, आकडे भरले आणि यंत्र डोक्यावर धरून उभ्या राहिल्या.

"आता हे काय?"

"हिरवी खूण यायची आहे, वन्सं. आकडे ऑफिसात पोचले की खूण येते. खाली रेंज नसते ना, मग कधी एक मिनिट लागतं, कधी पाच. मी कोपऱ्याकोपऱ्यात फिरते. पुन्हा पुन्हा पाठवते."

"टॉर्च चालूच?"

"अंधार असतो ना."

"आणि स्क्रीन?"

"विझली तर खूण कशी दिसेल? बोट फिरवत राहते मी."

नणंदबाईंना असं हसू फुटलं की चहा नाकात गेला. "अगं बये, ते बिचारं खाली घसा फोडून हाका मारतंय, आणि वर तू त्यालाच दिवा धरायला लावतेस! माझं बघ. खाली उतरताना मी विमानाचं चित्र दाबते. रेंज शोधणंच बंद. वर आले की पुन्हा चालू."

"पण आकडे?"

"यंत्रात राहतील की. वर आलीस की एकदम जातील."

तेवीस वर्षांत बाईंनी आकडा नोंदवल्याशिवाय एकाही मीटरला पाठ दाखवली नव्हती. वहीत लिहायचं, मोठ्याने वाचून ताडायचं, मगच झाकण लावायचं. खूण न बघता निघायचं म्हणजे नळ उघडा टाकून घराबाहेर पडण्यासारखं होतं.

"तुझ्या खरेपणानेच बॅटरी खाल्ली म्हणायची," नणंदबाई म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या.

शुक्रवारी बाईंनी विमानाचं चित्र दाबलं, पण मन काही दाबलं जाईना. प्रत्येक तळघरातून वर यायच्या, खूण बघायच्या, आणि मीटर खरंच तेच होतं ना म्हणून पुन्हा खाली. बॅटरी वाचली, गुडघे संपले. चौदा घरं राहिली.

शनिवारी त्यांनी स्वतःलाच दम दिला आणि विमानाचं चित्र सकाळीच दाबून दिवसभर तसंच ठेवलं. फोटो काढला, आकडे मोठ्याने वाचले, टॉर्च बंद, झाकण बंद, आणि वळून न बघता जिना. दोन वाजले. यंत्र जिवंत. चार वाजता शेवटच्या इमारतीची तिन्ही तळघरं उरकून बाई अंगणात आल्या, तेव्हा एकतीस टक्के शिल्लक होते. त्यांनी विमानाचं चित्र पुन्हा दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग एकामागून एक हिरव्या खुणा टपाटप उमटू लागल्या. एकशे अठरा!

बाई तिथेच पायरीवर बसल्या आणि एकट्याच हसत सुटल्या. डोळ्यांत पाणीही आलं, पण आनंदाचं. चार्ज उरलाय तर उधळावा, म्हणून धुळीने माखलेल्या आपल्या बुटांचा फोटो काढला. नणंदबाईंना पाठवायचा होता. पण त्या यंत्राला एकच पत्ता ठाऊक. फोटो गेला ऑफिसात, हिरव्या खुणेसकट.

सोमवारी साहेबांनी बाईंना पुन्हा बोलावलं. साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. एकशे अठरा मीटरं, आणि खाली एकशे एकोणिसावे बूट.

"चुकून गेलं, साहेब. काढून टाका ना."

"काढता येत नाही. शेरा लिहिल्याशिवाय यादी बंदच होत नाही. म्हणून लिहिला."

बाईंनी चष्मा चढवला. फोटोखाली साहेबांनी नीट टाइप केलं होतं : 'तपासणी केली. स्थिती उत्तम. बदलण्याची गरज नाही.'