बाहेरची फ्लॉपी

बाबांच्या तेरवीची पत्रिका मला टाइप करावी लागू नये, म्हणून त्यांचे धाकटे भाऊ रंगनाथकाका ती नांदेडहून फ्लॉपीत घेऊन आले. परभणीतल्या आमच्या पत्रिका छपाईच्या दुकानात नव्या कॉम्प्युटरवर लग्नसराईची सगळी कामं होती. एखादा व्हायरस ती पुसून टाकू शकला असता. म्हणून बाबांच्या शिरस्त्याप्रमाणे मी फ्लॉपी आधी जुन्या, रिकाम्या कॉम्प्युटरमध्ये घातली.

"घरची फ्लॉपी हाय, बाई. तुझ्या बापानं माझ्यावर कधी संशय घेतला न्हाई."

"बाबा तुमचीही तपासायचे, काका. तुम्ही चहाला गेलात की."

काका ओशाळून हसले. तेवढ्यात पडद्यावर व्हायरस सापडल्याची सूचना आली.

"मग आता पत्रिका?"

मी नव्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि बाबांच्या नावाआधी 'कै.' टाइप केलं.