दुसरी सोय

वीस वर्षं मी एकच काम केलं. कुठलीही गोष्ट एका माणसावर, एका रस्त्यावर, एका जहाजावर अडून राहू द्यायची नाही. आमची कंपनी पनामा सिटीतून देशभर औषधं पोचवते. कालव्याच्या तळ्याचं पाणी आटो, महामार्गावर कुणी टायर जाळून बसो, दूरच्या दाविद शहरातल्या दवाखान्यात इन्सुलिन गेलंच पाहिजे. काय बंद पडेल ते आमची गणितं आधी सांगायची आणि मी दुसरी सोय लावून ठेवायची. भाषणं दिली, बक्षिसं घेतली, लग्न राहिलं ते राहूनच गेलं.

आणि परवा राजीनामा दिला. गावी, गुआरारेला, आईकडे राहायला जायचं, कायमचं. तिला कळवलं नव्हतं. आज आईचा दिवस, सगळा देश आपापल्या आईच्या दारात. या दिवशी ऑफिस ज्याची आई नाही त्यानं सांभाळायचं, अशी आमच्याकडे रीत. मी आई असून दरवर्षी सांभाळायचे. यंदा म्हटलं, तोंडावरच सांगू. म्हातारी रडेल, मी रडेन, झालं. दोन बॅगा घेऊन बसमध्ये चढले.

वाटेत फोनवर सूचना आली: सान्तियागोजवळ रस्ता अडवलाय. आमचा दाविदचा ट्रक त्याच रस्त्यावर! आता फोन येईल, आता येईल, म्हणून वाट बघितली. कुणाचा पत्ता नाही. शेवटी मीच माझ्या हाताखालच्या रिकाउर्तेला लावला.

"ट्रक अडकला ना रे?"

"अडकला की! पण इन्सुलिन दुसऱ्या गाडीनं विमानतळावर गेलंसुद्धा, इंजिनिअरबाई. तुमच्याच गणितानं पाठवलं."

"मग मला कळवायचं नाही?"

"कशाला? आज तरी आमचा जीव सोडा हो. आईकडे जा, तमाल खा!"

फोनवर त्याच्या मागे गाणी चालली होती. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. कसली खूश! खिडकीला डोकं टेकून बसले आणि भयंकर एकटं वाटलं.

आई ओसरीवर खुर्चीत बसली होती. शेजारची यारिएला तिचे केस विंचरत होती.

"अगं बाई! एनेइदा? आज? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. आज आईचा दिवस आहे, आई."

"ते मला माहीत आहे. तुला माहीत आहे, हे नव्हतं माहीत."

यारिएलानं हसू दाबलं. मी बॅगा उचलून तडक माझ्या खोलीत गेले. तिथे पाळणा. दोरीवर लंगोट वाळत घातलेले. पलंगावर कुणा पुरुषाचा शर्ट.

"यारिएला आणि तिचा नवरा राहतात तिथे," आई बाहेरूनच म्हणाली. "मागच्या पावसाळ्यात मी पडले ना, तेव्हा हीच धावली. तुझं काम मोठं, मी गावभर सांगते. पण मला हाकेला कुणीतरी हवं की नको? म्हणून यांनाच ठेवून घेतलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर निदान भांडले तरी असते.

मी बाहेर आले. "आई, मी राहायला आलेय."

"राहा की! किती दिवस?"

"कायमची. नोकरी सोडली."

आईनं यारिएलाकडे बघितलं. यारिएला खाली मान घालून फणीतले केस काढत राहिली. एवढी तर मी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीलाही घाबरले नव्हते.

"बघू हं," आई म्हणाली. "आधी जेवून घे."

कोंबडीचं सांकोचो, आमच्याकडचा सणासुदीचा रस्सा, शिजलं होतं. या दिवशी आईनं जागचं उठायचं नसतं, पोरांनी तिला हातात द्यायचं. मी लगबगीनं स्वयंपाकघरात जाऊन डाव उचलला.

"अगं, ठेव तो," आई म्हणाली. "यारिएला वाढेल मला. रोज वाढते, तिला ठाऊक आहे मला किती लागतं ते."

यारिएलानं तिला वाढलं. मग आई खुर्चीच्या दांड्याला धरून उठली. "काकू, बसा ना," यारिएला म्हणाली, पण ती ऐकेना. पाहुणा आला की घरच्या बाईनं स्वतः वाढायचं, हे आमच्याकडे पक्कं. हळूहळू चुलीशी गेली, कोंबडीची तंगडी शोधून काढली आणि थाळी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"घे," आई म्हणाली. "संकोच करू नकोस हं."