हिरव्या बुडख्याचं रोप

एशोवेच्या त्या वस्तीत पिवळ्या फुलाचं उमायिमेचं झाड एकटीकडेच होतं, आणि ती एकटी म्हणजे मा-झुंगूच्या शेजारची म्हातारी मा-लांगा. बाकी सगळ्यांकडे नारिंगी, रानात झाडांच्या सावलीत उगवतं तेच. मा-झुंगूकडेही कुंपणाला लागून चांगली तीस नारिंगी झाडं होती. पण फुलं बघायला आलेलं माणूस तिच्या फाटकावरून सरळ पुढे जायचं, आणि तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मा-लांगाला माहेरी मयताला जावं लागलं. निघताना रोपांचा वाफा दाखवून ती म्हणाली, "पाणी घाल गं बाई. आणि रोपं तेवढी निवडून ठेव. लाल बुडख्याची नारिंगी फुलणार, हिरव्या बुडख्याची पिवळी. मला मेलीला आता दिसत नाही बघ."

"जा हो तुम्ही निवांत," मा-झुंगू म्हणाली.

चाळीस रोपं होती. एकोणचाळीस लाल! मधमाश्या मा-झुंगूच्याच नारिंगी फुलांवरून पराग घेऊन तिकडे जायच्या, मग दुसरं काय होणार? तिला हसूच फुटलं. चाळिसावं मात्र बुडख्यापासून शेंड्यापर्यंत हिरवंगार निघालं, आणि ते हसू कुठल्या कुठे गेलं.

"हिलाच कसं मेलं सगळं मिळतं!" ती पुटपुटली. ते रोप शालीखाली दडवून तिने आपल्या परसात नेऊन लावलं आणि त्याच्या जागी स्वतःचं एक लाल रोप आणून वेगळ्या कुंडीत खोचलं. बुडखा मातीत नीट गाडला. फुलायला चार वर्षं तरी लागणार होती. तोवर कोण कुणाला विचारतंय?

शनिवारी मा-लांगा परतली. "निघालं का गं एखादं पिवळं?"

"एकच. त्या कुंडीत आहे."

म्हातारीने कुंडी उचलून तिच्यापुढे धरली. "मग हे तुझं. जातानाच ठरवलं होतं, पहिलं पिवळं तुला. इतकी वर्षं कुंपणावरून बघत असतेस, मला काय कळत नाही होय?"

वडीलधाऱ्या बाईने दिलेलं दोन्ही हातांनीच घ्यायचं. मा-झुंगूने गुडघे वाकवून ओंजळ पुढे केली.

"अगं, रडतेस काय वेडे!"

घरी येऊन तिने कुंडी दाणकन खाली ठेवली. चार वर्षांनी परसातलं ते चोरलेलं रोप पिवळं फुलेल, वस्ती बघायला लोटेल, आणि जो तो म्हणेल, मा-लांगाने दिलेलं बरं का! फुलात म्हातारी वरचढ होतीच, आता चांगुलपणातही झाली. मा-झुंगूला तिचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.