दादाचा हात

धाकटा भाऊ कित्येक वर्षांनी भेटायला आला, पण दोघांना बोलायला विषयच सापडेना. थोरला एकटाच राहायचा, लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवायचा. शेवटी तोच म्हणाला, "चल, तुला खालचं जग दाखवतो."

होडीने ते किनाऱ्यापासून लांब, प्रवाळाच्या खडकापाशी गेले. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून खाली उतरताच धाकट्याने घाबरून दादाचा हात धरला, तो सोडलाच नाही. थोरल्याने त्याला कपारीत दडलेला ऑक्टोपस दाखवला, पिवळ्याधमक माशांचा थवा दाखवला. एक भलंमोठं कासव अगदी शेजारून गेलं, तेव्हा धाकट्याने लहानपणीसारखा हात घट्ट दाबला. टाकीतली हवा कमी झाली, तशी थोरल्याने नाइलाजाने वर जायची खूण केली.

होडीत चढताच धाकट्याने हात सोडून फोन उचलला. "मस्त होतं रे दादा. पुढच्या वेळी पोरांना आणतो."

"आण की," थोरला म्हणाला.

संध्याकाळी धाकटा गेला. दुसऱ्या दिवशी शिकायला कुणी नव्हतं, तरी थोरला होडी घेऊन खडकापाशी गेला. एकट्याने बुडी मारायची नसते, हे तोच सगळ्यांना बजावायचा. म्हणून पाण्याकडे बघत तो होडीतच बसून राहिला.