पाण्याला अडवणारी बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो. पण लोणच्याची नव्हे हं! आधीच सांगून टाकते, कारण मला बघितलं की प्रत्येकाला कैरी आठवते. माझ्या पोटात आयुष्यभर ना मीठ पडलं, ना मोहरी. मी एका पंपाची राखण केली. तो हवा ओढायचा आणि मी त्या हवेतलं पाणी अडवायचे. एवढंच माझं काम, पण ते करताना मी कधी अंगचोरपणा केला नाही.

माझा जन्म कॅनडातला. तिथे मेपल नावाची झाडं असतात. थंडी सरत आली की त्यांच्या अंगात गोडसर रस चढतो. लोक खोडाला बारीकसं भोक पाडतात, त्यात नळी बसवतात, आणि रानभरच्या नळ्या एका खोलीत येऊन मिळतात. त्या खोलीत पंप असतो. तो नळ्यांमधली हवा ओढून घेतो, म्हणजे झाडातून रस भरभर येतो. तो आटवला की आपल्या काकवीसारखा पाक होतो.

आता गंमत ऐका. हवा ओढता ओढता रसाचे थेंब, वाफ, ओल असं सगळं पंपाकडे धावतं. आणि या पंपाला पाणी म्हणजे विष! पाणी पोटात गेलं की त्याचं तेल दुधाळ होतं, आतलं लोखंड गंजतं आणि एक दिवस तो जागच्या जागी आखडतो. म्हणून नळी आणि पंप यांच्या मधोमध मला बसवलं. ओली हवा आधी माझ्यात यायची, पाणी खाली राहायचं आणि कोरडी हवा पुढे जायची. फारच पाणी झालं, तर माझ्या पोटातला पोकळ गोळा तरंगत वर यायचा आणि पंपाकडची वाट बंद करायचा. माझ्या तळाशी एक छोटी तोटी होती. आमचे म्हातारे मालक रोज ती उघडून माझं पोट रिकामं करत, नखाने माझ्यावर टिचकी मारत आणि मगच घरी जात. त्यांच्यामागे रान विकलं गेलं. मी आणि माझा पंप एका कंटेनरमध्ये जाऊन पडलो. त्या अंधारात मला त्या टिचकीची फार आठवण यायची.

कंटेनर उघडला तो शारजात, जुन्या यंत्रांच्या बाजारात. बाई गं, काय ते ऊन! जन्मभर बर्फ बघितलेली मी, तिथे पापडासारखी भाजले. एके दिवशी दोन माणसं आली. एक स्टॅनलीसाहेब, मूळचे वसईचे, उम्म अल क्वैनजवळच्या एका उंटांच्या फार्मचे सुपरवायझर. दुसरा दौलत, सावंतवाडीकडचा, त्याच फार्मवर उंटिणींचं दूध काढणारा. दूध काढायच्या यंत्रालाही हवा ओढणारा पंप लागतो, म्हणून त्यांना माझा पंप पसंत पडला.

"ही बरणी कशाला? वजन फुकट," स्टॅनलीसाहेब म्हणाले.

"असू दे साहेब. बांधणाऱ्यान काय उगाच बांधली नसतली," दौलत म्हणाला आणि त्याने मला काखेत मारलं.

तेव्हापासून मी त्याची झाले. समुद्र जवळ, त्यामुळे उन्हाळ्यात हवा इतकी दमट की भिंतींनासुद्धा घाम फुटायचा. शिवाय नळ्या रोज गरम पाण्याने धुतल्या जायच्या, त्याची वाफ वेगळीच. मेपलच्या रानात अडवलं नसेल एवढं पाणी मी तिथे अडवलं. संध्याकाळ झाली की दौलत यायचा. "काय गो बाये, पोट भरला?" असं म्हणत तोटी उघडायचा. मग माझा गोळा काढायचा, धुवायचा, पुसायचा आणि परत बसवायचा. हवेबरोबर येणारा दुधाचा फेस वाळला की गोळा तळाला गोंद लावल्यासारखा चिकटतो, हे दौलत एकदा बघून शिकला होता.

कौतुक मात्र सगळं पंपाचं! अरबाब, म्हणजे फार्मचे अरब मालक, आले की पंपावर थोपटून "माशाल्ला" म्हणायचे. माझ्याकडे कोण बघतंय! मी म्हणायचे, असू दे. तो धडधडतोय ना? मग मला सगळं पावलं. खरंच सांगते, त्या धडधडीशिवाय मला करमायचंच नाही.

दौलतचा दुसरा जीव म्हणजे रंभा. फार्मवरची सगळ्यात नखरेल उंटीण. अरबी नाव तिला होतं, पण ती ओ द्यायची ती रंभा म्हटल्यावरच. तिचं पिल्लू शेजारी उभं केल्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही, आणि सोडलाच तर थोडाच वेळ. तेवढ्यात यंत्र चाललं नाही की संपलं.

मग एक दिवस अरबाब बोलून गेले. पंप जुना झालाय, याचे भाग आता मिळत नाहीत. हा बंद पडला की खलास! उंटिणी मोठ्या डेअरीला देऊन टाकू, माणसांना दुसऱ्या साइटवर पाठवू. दौलतचा चेहरा उतरला. त्या रात्री त्याने पंपाऐवजी मलाच दोनदा पुसलं, आणि मला त्याचा अर्थ कळला: पंप जगवायचा तर सगळी भिस्त माझ्यावर.

गणपती जवळ आले. दौलत बऱ्याच वर्षांनी चवथीला गावी निघाला. त्याच्या जागी रामेश्वर आला, परभणीकडचा, आधी बांधकामावर असलेला. माणूस सोन्यासारखा! दौलत जाताना त्याला बजावून गेला, "रंभेक ओरडू नको. आणि हो गोळो रोज धू."

रामेश्वरने सुरुवातीला धुतला. मग बरेच दिवस झाले, गोळा बाहेरून स्वच्छच दिसत होता. "रोज रोज काय आंघोळ घालायची याला," असं म्हणून त्याने ते सोडलं. मी आतून तळमळत होते. गोळा तळाशी घट्ट चिकटून बसला होता, आणि मला ना हात, ना तोंड!

एका सकाळी नळ्या गरम पाण्याने धुऊन झाल्या. माझी काच तापली होती. रंभा उभी राहिली, पिल्लू आलं, पान्हा सुटला, आणि यंत्राचे पेले आचळांवरून पटापट गळून पडले. कुठेतरी रबरी नळी निसटली होती. पंप धडधडत होता, पण ओढ नव्हती.

"आयला! पंपानं हवा धरली," रामेश्वर म्हणाला.

मित्रांनो, गावाकडे विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की त्यात पाणी ओततात. मग तो पाणी पकडतो. रामेश्वरने जन्मभर तेच केलं होतं. त्याने पंप बंद केला, माझं झाकण काढलं, कूलरमधलं गार पाणी बादलीभर आणलं आणि माझ्यात काठोकाठ ओतलं. "घे बाबा, पी," असं तो इतक्या मायेने म्हणाला की माझा रागच पळाला. पण भीती? भीतीने मी गारठले. गोळा उठला नाही. वाट सताड उघडी होती. आता झाकण लागणार, बटण दाबलं जाणार, आणि सगळं पाणी माझ्या पंपाच्या पोटात!

तेवढ्यात टक्कन आवाज झाला. तापल्या काचेवर गार पाणी पडलेलं. मी तळापासून तडकले. मी ठरवून तडकले असं सांगितलं, तर ती फुशारकी होईल. काचेचा स्वभावच तो. पण त्या क्षणी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! झाकण घट्ट होईपर्यंत सगळं पाणी भेगेतून फरशीवर वाहून गेलं. रामेश्वरने बटण दाबलं तेव्हा पंपाला मिळाली ती नुसती हवा.

रामेश्वरचे पाय भिजले, तेव्हा त्याने खाली बघितलं. नेमके स्टॅनलीसाहेब दारात.

"व्हॉट इज धिस, यार? पाणी कुठून आलं?"

"मीच वतलं सर. गावाकडं असंच चालू करतो आम्ही पंप."

"अरे देवा! हा पाणी ओढणारा नाही रे बाबा, हवा ओढणारा आहे!"

साहेबांनी धावत जाऊन पंप बंद केला आणि तेल दिसतं त्या छोट्या काचेत डोकावले.  तेल सोनेरी होतं, स्वच्छ. साहेबांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि रामेश्वरने फरशी पुसायला फडकं उचललं.

निसटलेली नळी साहेबांनी बसवली, पण नवीन पाणी-अडव्या येईपर्यंत रामेश्वरने हाताने दूध काढलं. इथल्या रीतीप्रमाणे एका पायावर उभं राहून, दुसऱ्या गुडघ्यावर भांडं ठेवून. रंभेने त्याला दोनदा लोळवलं. त्याने उठून परत भांडं गुडघ्यावर ठेवलं.

साहेबांनी दौलतला फोन लावला. स्पीकरवर मागे आरती ऐकू येत होती.

"पंप?" त्याने आधी विचारलं.

"पंप ठीक. बरणी गेली."

 मग दौलत म्हणाला, "रामेश्वर, गोळो धुतलं होतंस?"

"नाय दादा. चुकलं माझं."

"बरा. आता नव्याचो तरी धू. आणि बरणी टाकू नकात हां. मी येतंय."

मी टाकलेल्या सामानात पडून होते आणि तो असं म्हणाला. सांगा, मला हुंदका फुटला नसेल?

आता माझ्या जागी चकचकीत स्टीलचा भाऊ बसलाय. रामेश्वर रोज त्याचा गोळा धुतो, दौलतने न सांगता. पंप धडधडतोय, रंभा नखरे करतेय. आणि मी? दौलतने मला माती भरून खोलीच्या खिडकीत ठेवलंय. स्टॅनलीसाहेबांच्या बायकोने, अ‍ॅग्नेसबाईंनी, आपल्या बाल्कनीतली अबोलीची फांदी दिली, ती माझ्यात रुजलीय.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी असेल. गाळणी असेल, दाराशी पडलेलं पायपुसणं असेल, नाहीतर सगळ्यांची दुखणी स्वतःवर घेणारं एखादं माणूस असेल. त्यांना धुवा, पुसा, विचारपूस करा. मळलेले दिसत नाहीत म्हणून सोडून देऊ नका.

संध्याकाळी दौलत येतो, टिचकी मारतो आणि माझ्यात तांब्याभर पाणी घालतो. जन्मभर ज्याला अडवलं, ते पाणी आता अबोलीला भिजवून माझ्या भेगेतून हळूच निथळतं. मी त्याला जाऊ देते.